न्यायासनाचे बळ

राज्यसंस्थेच्या तीन अंगांपैकी न्यायसंस्था हे अंग दिसावयास सर्वांत दुबळे. कायदे करणाऱ्या सभेच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या असतात; कारभार चालविणाऱ्या मंत्रिमंडळाच्या हाती पोलीस, फौज आणि तुरुंग असतात. न्यायाधीशाजवळ काय असते? एक उंच आसन, काळा झगा, दाराशी पुकारा करणारा पट्टेवाला आणि लेखणी. असे असूनही त्या लेखणीच्या चार ओळींपुढे बलाढ्य सरकारांस आपले हुकूम मागे घ्यावे लागतात आणि तुरुंगाचे दरवाजे उघडावे लागतात. हे बळ येते कोठून, असा प्रश्न मी गेली कित्येक वर्षे वर्गातील विद्यार्थ्यांस विचारीत आलो आहे. त्यांचे उत्तर ठरलेले असते : राज्यघटनेतून. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. न्यायालयास अधिकार आहे एवढे घटना सांगते. तो अधिकार नेमका कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे न्यायालये आपल्याच निकालांनी ठरवीत आली आहेत, आणि त्यांतही आरंभीच्या निकालांचा वाटा फार मोठा असतो.

येथेच एक नैतिक कोडे उभे राहते. स्वतःच्या अधिकाराची सीमा स्वतः आखणारा न्यायाधीश हा आपल्या शेताचा बांध आपणच घालणाऱ्या शेतकऱ्यासारखा असतो. बांध पुढे सरकविला तर लोक त्यास लोभी म्हणतात. मागे घेतला तर भित्रा म्हणतात. आणि बांध कोठेही पडला तरी, ज्याच्या गाऱ्हाण्याच्या निमित्ताने तो घातला गेला त्या माणसाचे काय, हा प्रश्न उरतोच. न्यायालयाने आपल्या अधिकाराचा निर्णय करताना दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे आपण किती देणे लागतो, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी उदाहरण शोधावयास फार दूर जावयास नको. असा एक प्रसंग पेशवाई बुडाल्यास पुरती अकरा वर्षे झाली नव्हती तेव्हा खुद्द पुण्यात घडला. पण आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यास फारशी जागा मिळालेली नाही.

तो प्रसंग कळण्यासाठी त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील न्यायव्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. इलाख्यात तेव्हा दोन प्रकारची न्यायालये होती. एक इंग्लंडच्या राजाच्या सनदेने स्थापन झालेले सुप्रीम कोर्ट. याची सनद १८२३ सालची, आणि ते १८२४ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्याचे न्यायाधीश राजाने नेमलेले, विलायतेतून आलेले, आणि कंपनी सरकारच्या ताबेदारीत नसलेले. दुसरी कंपनीची स्वतःची न्यायालये. ती मुंबई बेटाच्या बाहेर, मुलखात चालत, आणि १८२७ साली एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्यांच्या संहितेने त्यांस निश्चित रूप आले होते. पहिले न्यायालय राजाचे, दुसरी कंपनीची. आणि दोघांमधील हद्द कोणीही नीट मोजलेली नव्हती. दोन भावांनी वाटणीपत्र न करता एका वाड्यात राहावे, तशातला हा प्रकार होता. भांडण निघावयास निमित्त तेवढे हवे होते.

ते निमित्त १८२८ मध्ये मिळाले. पुण्यास धमढेरे घराण्यातील पांडुरंग रामचंद्र नावाचे मातबर सरदार राहत असत. माजी पेशव्यांच्या घराण्याशी त्यांचे नाते होते. त्यांच्या घरी मोरो रघुनाथ नावाचा एक अल्पवयीन मुलगा होता. या मुलास त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवले आहे, अशी तक्रार त्याच्या दुसऱ्या एका आप्ताने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात केली. कोर्टाने पांडुरंग रामचंद्रांवर ‘हेबियस कॉर्पस’चा हुकूम काढला. या लॅटिन नावाने बिचकण्याचे कारण नाही. ज्या माणसास तुम्ही अडकवून ठेवले आहे त्यास आमच्यापुढे उभे करा आणि कोणत्या आधाराने अडकविले ते सांगा, एवढाच त्याचा अर्थ. आज आपण त्यास बंदी-प्रत्यक्षीकरण म्हणतो. त्याच सुमारास ठाण्याच्या तुरुंगात असलेल्या बापू गणेश नावाच्या कैद्याविषयीही असाच हुकूम निघाला. तो बंदिवान मात्र कंपनीच्या न्यायालयाच्या हुकुमाने तुरुंगात होता.

मुंबईचा गव्हर्नर त्या वेळी सर जॉन माल्कम होता. मराठेशाहीच्या अखेरच्या लढाया व तह ज्याने स्वतः पाहिले आणि केले, असा हा मुत्सद्दी होता. हे हुकूम त्यास मुळीच रुचले नाहीत. ३ ऑक्टोबर १८२८ रोजी त्याने आपल्या कौन्सिलासह न्यायाधीशांस पत्र लिहून कळविले की, मुलखातील कंपनीच्या न्यायालयांचे अधिकारी, अथवा सुप्रीम कोर्टाच्या ताब्यात न येणारे एतद्देशीय लोक, यांच्यावर काढलेल्या असल्या हुकुमांस यापुढे उत्तर दिले जाणार नाही. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट हा त्या वर्षीच्या ऑगस्टातच मरण पावला होता. उरलेले दोघे, सर चार्ल्स चेंबर्स आणि सर जॉन पीटर ग्रँट, यांनी त्या पत्राचा भर कोर्टात कडक शब्दांनी निषेध केला. सरकार न्यायाधीशांस न्याय कसा द्यावा हे पत्राने कळवू लागले, तर न्यायासन आणि सरकारी कचेरी यांत अंतर ते काय राहिले, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत चेंबर्सही मृत्यू पावला. ग्रँट एकटा राहिला. त्याने विलायतेस राजाकडे दाद मागितली. पुण्याच्या प्रकरणात हुकुमाची अंमलबजावणी करण्यास सरकारने साहाय्य करावे असे मागितले. आणि ते मिळत नाही असे दिसताच १ एप्रिल १८२९ पासून सुप्रीम कोर्टाचे कामकाजच बंद केले. मुंबई शहरातील सर्वोच्च न्यायालयास, ते एका न्यायाधीशाने लावले म्हणून, कुलूप लागले!

विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने हा वाद ऐकला आणि त्याच वर्षी आपले मत दिले. ते ग्रँटच्या पूर्णपणे विरुद्ध गेले. कंपनीच्या न्यायालयाच्या हुकुमाने बंदीत असलेल्या मनुष्यास सोडविण्याचा सुप्रीम कोर्टास अधिकार नाही. आणि जो मनुष्य कोर्टाच्या स्थानिक हद्दीत राहत नाही, व व्यक्तिशः कोर्टाच्या ताब्यातही येत नाही, त्याच्यावर हेबियस कॉर्पसचा हुकूम काढता येत नाही, असे ठरले. पांडुरंग रामचंद्र पुण्याचे रहिवासी; तेव्हा मुंबईच्या न्यायासनाचा हात त्यांच्या वाड्याच्या दिंडीदरवाज्यापर्यंत पोहोचत नव्हता. या निकालाच्या आधीच बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो याने माल्कमला एक खाजगी पत्र लिहिले होते. मुंबईस आणखी दोन न्यायाधीश पाठविले आहेत, आणि दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये एखादा रानहत्ती चालवावा तसा ग्रँट आता त्या दोघांमध्ये चालेल, असे त्यात होते. हे पत्र पुढे उघडकीस आले आणि त्याचा बराच बोभाटा झाला. ज्यांच्या हाती राज्य होते त्यांच्या मनात न्यायाधीशाविषयी काय कल्पना होती हे त्या एका उपमेत उघडे पडले आहे.

आता या प्रसंगाचे मोजमाप कसे करावे? कोणी म्हणेल, माल्कम जुलमी आणि ग्रँट शूर. एवढे म्हटले की झाले. परंतु विचारी वाचकास इतक्या स्वस्तात सुटता येणार नाही. माल्कमच्या बाजूसही काही होते. दक्षिणेतील सरदारांस राज्य घेताना काही मानमरातब राखण्याची वचने दिली होती; त्यांच्या फिर्यादींसाठी वेगळी तजवीज केली होती. नवीन राज्य बसून दहाच वर्षे झाली होती. अशा मुलखात एकाच सरकारची दोन तोंडे परस्परविरुद्ध बोलू लागली तर प्रजेने कोणाचे ऐकावे, ही त्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. आणि कायद्याचा शब्द पाहिला तर प्रिव्ही कौन्सिलने त्याचेच म्हणणे मान्य केले. माल्कमचा खरा अपराध त्याच्या मतात नव्हता. तो रीतीत होता. न्यायालयाचा अधिकार किती, हा वाद त्याने वरच्या न्यायासनापुढे नेऊन सोडविण्याऐवजी आधी आपणच निकाल दिला आणि मग तो न्यायाधीशांस पत्राने कळविला. न्यायाधीशाचा हुकूम चुकीचा असेल. परंतु तो चुकीचा आहे हे ज्याच्यावर हुकूम निघाला त्यानेच ठरवावयाचे, असा पायंडा एकदा पडला म्हणजे हुकूम आणि विनंती यांत फरक राहत नाही.

ग्रँटच्या बाजूचाही असाच खोलवर विचार केला पाहिजे. त्याने हुकूम काढला यात मला दोष दिसत नाही. हद्द संदिग्ध होती, आणि एक अल्पवयीन मुलगा अडकून पडला आहे असे शपथेवर सांगितले जात होते. संशयाच्या जागी न्यायाधीशाने बंदिवानाच्या बाजूस झुकावे, हे त्याच्या धर्मास धरूनच आहे. पण पुढे त्याने कोर्ट बंद केले, तेथे मात्र माझे मन अडखळते. सरकारने एका मुलास न्याय मिळू दिला नाही, याचा निषेध म्हणून ग्रँटने मुंबई शहरातील सर्वांचाच न्याय थांबविला. ज्यांचे देणेघेणे अडकले होते, ज्या विधवांचे वारसाहक्क लोंबकळत होते, ज्यांच्या फिर्यादी तारखेची वाट पाहत होत्या, त्यांनी गव्हर्नराचे काय केले होते? न्यायासनाचा मान राखण्यासाठी न्यायच बंद ठेवणे, हे देवळाचा मान राखण्यासाठी देवाची पूजा बंद ठेवण्यासारखे आहे.

येथे प्रत्येक मराठी वाचकास रामशास्त्री प्रभुण्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर, रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगून रामशास्त्री पुणे सोडून निघून गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. वरवर पाहता ग्रँट आणि रामशास्त्री यांनी एकच गोष्ट केली. दोघांचाही शब्द सत्तेने मानला नाही, आणि दोघेही आसनावरून उठले. परंतु बारकाईने पाहिले तर या दोन उठण्यांत महदंतर आहे. रामशास्त्र्यांनी आपला निर्णय आधी पुरता सांगितला. त्यात कसूर ठेवली नाही. आणि मग जे सोडले ते स्वतःचे पद, स्वतःचा मान, स्वतःची वेतनप्राप्ती. त्यांच्या जाण्याची किंमत प्रथम त्यांनी स्वतः मोजली. ग्रँटने आपले पद सोडले नाही. त्याने दाराला कुलूप घातले. त्याच्या निषेधाची किंमत पक्षकारांनी मोजली. न्यायाधीशाने सत्तेशी झगडावे की नाही, याला माझे उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्या झगड्याचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकावयाचा, हा त्या प्रश्नाचा नैतिक गाभा आहे, आणि शौर्याची परीक्षा तेथेच होते.

याच्या पंचवीसएक वर्षे आधी अमेरिकेत अगदी निराळ्या चालीचा एक निकाल झाला होता. १८०३ सालच्या त्या खटल्यात विल्यम मार्बरी या गृहस्थाने, अध्यक्षांनी सही केलेले आपल्या नेमणुकीचे पत्र नव्या सरकारचा मंत्री मॅडिसन देत नाही, अशी दाद मागितली. मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल मोठ्या पेचात सापडला. पत्र द्या असा हुकूम काढावा, तर सरकार तो झुगारून देणार आणि न्यायालयाचे हसे होणार. न काढावा, तर न्यायालय भ्याले असे दिसणार. त्याने जी वाट काढली ती आजही अभ्यासकांस चकित करते. मार्बरीचा हक्क खरा आहे, असे त्याने सांगितले. परंतु असा हुकूम थेट काढण्याचा अधिकार ज्या कायद्याने आम्हांस दिला, तो कायदाच घटनेविरुद्ध असल्यामुळे आम्हांस तो वापरता येत नाही, असेही सांगितले. एक लहान अधिकार नाकारता नाकारता, विधिमंडळाचा कायदा घटनाबाह्य ठरविण्याचा केवढा तरी मोठा अधिकार त्याने न्यायालयाच्या पदरी पाडला. आणि ज्यात मोडण्याजोगा हुकूमच नाही असा निकाल सरकारने मोडावा तरी कसा? ग्रँटने सगळा अधिकार मागितला आणि होता तोही गमावला. मार्शलने थोडा सोडला आणि पुष्कळ मिळविला. राजकारणाच्या दृष्टीने दोघांत शहाणा कोण, याविषयी दुमत होणार नाही.

पण थोडे थांबून पाहिले तर दोन्ही खटल्यांत एक गोष्ट सारखीच दिसते. मार्बरीला त्याचे पत्र अखेरपर्यंत मिळाले नाही. ज्या दिवशी न्यायालयाचे बळ वाढले त्याच दिवशी तो रिक्त हस्ते परतला. आणि मोरो रघुनाथ? प्रिव्ही कौन्सिलपुढे प्रश्न होता तो न्यायालयाच्या हद्दीचा. मुलगा खरोखर अडकवून ठेवलेला आहे काय, तो कोणाजवळ राहू इच्छितो, त्याची प्रकृती कशी आहे, यांपैकी एकाही गोष्टीवर तो निकाल टेकलेला नव्हता. गव्हर्नर, न्यायाधीश, बोर्डाचा अध्यक्ष आणि राजाचे मंत्री अशी थोर थोर माणसे ज्याच्या नावाने भांडली, त्यास भर कोर्टात उभे करून ‘बाळ, तुझे म्हणणे काय?’ असे विचारण्याची वेळ कोणावरही आली नाही. पुढील काळात कायद्याच्या पुस्तकांत त्याचे नाव राहिले ते एका मुद्द्याची खूण म्हणून.

मला वाटते, आरंभीच्या निकालांनी न्यायसंस्थेस जे बळ किंवा जी मर्यादा दिली, तिच्यामागे अशा माणसांचे एक ऋण असते. न्यायालयाने आपली सीमा आखावी. ती आखल्यावाचून गत्यंतर नाही. परंतु ‘आमचा हात येथपर्यंत पोहोचत नाही’ असे ज्यास सांगितले, त्याचे गाऱ्हाणे खोटे ठरले असे मात्र होत नाही. ते तसेच उरते आणि पुढच्या पिढीस फेडावे लागते.

हे ऋण कसे फिटत गेले हे पाहणे मनोरंजक आहे. १८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि कंपनीची वरिष्ठ अदालत ही दोन्ही मोडून मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन झाले. वाटणीपत्र नसलेल्या त्या वाड्याचे अखेर एक घर झाले. तरीही बंदिवानास पुढे आणविण्याचा अधिकार बराच काळ मुख्यतः मुंबई शहराच्या हद्दीपुरताच राहिला. १९२३ मध्ये फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन तो उच्च न्यायालयाच्या साऱ्या अपील-क्षेत्रास लागू झाला. आणि २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अंमलात आली तेव्हा तिच्या २२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक उच्च न्यायालयास त्याच्या साऱ्या प्रदेशात, व्यक्तीवर आणि सरकारवरही, असा हुकूम काढण्याचा अधिकार दिला. जे ग्रँटने १८२८ मध्ये मागितले, त्याहून पुष्कळ अधिक त्याच्यामागून सव्वाशे वर्षांच्या आत न्यायाधीशांस मिळाले.

मग प्रश्न सुटला काय? तसे म्हणता येत नाही. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली, आणि खटल्यावाचून स्थानबद्ध केलेल्या लोकांनी उच्च न्यायालयांत दाद मागितली. आणीबाणी असली तरी, अटक कायद्यास धरून आहे की नाही एवढे आम्ही पाहू शकतो, असे देशातील नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले. मुंबईचे उच्च न्यायालय त्यांत होते. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी या सर्वांचे म्हणणे फिरविले. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड हेही होते. १८२९ मध्ये हद्दीच्या नावाने जे दार बंद झाले, ते १९७६ मध्ये आणीबाणीच्या नावाने पुन्हा बंद झाले. फरक इतकाच की, या वेळी अधिकार कागदावर स्पष्ट लिहिलेला होता, आणि कुलूप गव्हर्नराने किंवा चिडलेल्या एखाद्या न्यायाधीशाने लावले नव्हते. शांतपणे, पुष्कळ पाने लिहून, न्यायासनानेच लावले होते. न्यायासनाचे बळ केवळ सनदेत किंवा घटनेत नसते, याला याहून अधिक पुरावा नको.

पाचवे न्यायाधीश हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरुद्ध मत लिहिले. या वागणुकीकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. त्यांनी न्यायालय बंद केले नाही; आसनावर बसून राहिले, आपले मत कारणांसह लिहिले आणि त्याचे परिणाम स्वतः सोसले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश केले गेले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. रामशास्त्र्यांची रीत ती हीच : आधी निर्णय पुरा सांगावा, आणि मग किंमत स्वतःच्या खिशातून द्यावी. त्यांचे ते एकाकी मत त्या दिवशी कोणाही बंदिवानास सोडवू शकले नाही. परंतु १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी दाद मागण्याचा मार्ग मोकळा राखला. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. तसे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. पित्याचा निकाल पुत्राने मोडावा, यात काहींस नाट्य दिसेल. मला त्यात ऋणफेड दिसते.

आता थोडे आमच्या परभणीविषयी. १८२८ मध्ये मुंबई आणि पुणे यांच्यात हा वाद चालू असताना परभणीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेव्हा ग्रँटचा रानहत्ती कितीही धावला असता तरी येथवर येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे हैदराबाद संस्थानात उच्च न्यायालय झाले. १९२१ च्या सुमारास न्यायखाते कारभाराच्या खात्यापासून वेगळे करण्यात आले, आणि ही सुधारणा त्या काळी ब्रिटिश मुलखासही हेवा वाटावा अशी होती, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. परंतु दरबारची भाषा उर्दू, अंतिम सत्ता एका व्यक्तीची, आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नाही, अशा स्थितीत न्यायखात्याचे वेगळेपण कोठवर पुरणार? १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान संपले, १९५० मध्ये घटना आली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेव्हापासून मुंबईच्या न्यायासनाचा हुकूम परभणीत चालू लागला. पण परभणीच्या शेतकऱ्यास मुंबईच्या न्यायासनापर्यंत पोहोचावयाचे म्हणजे मनमाडची गाडी, रात्रभराचा प्रवास, परक्या शहरातील मुक्काम आणि वकिलाची फी. म्हणजे १८२९ मध्ये न्यायासनाचा हात माणसापर्यंत पोहोचत नव्हता, आणि १९५६ नंतर माणसाचा हात न्यायासनापर्यंत पोहोचेना. हद्द कायद्याने पुसली तरी अंतर उरले होते.

ते अंतर कमी करण्याचा प्रसंगही अधिकाराच्या प्रश्नावाचून पार पडला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९८१ मध्ये मुख्य न्यायाधीश व्ही. एस. देशपांडे यांनी राज्यपालांच्या संमतीने औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, न्यायाधीशांनी बसावे असा हुकूम काढला, आणि २७ ऑगस्टपासून तेथे काम सुरू झाले. असे करण्याचा मुख्य न्यायाधीशास अधिकार आहे काय, यावर वाद झाला. उच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला, आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. पुढे १९८४ मध्ये तेथे कायमचे खंडपीठ झाले. त्या निकालाची भाषा राज्य पुनर्रचनेच्या कायद्यातील एका कलमाच्या अर्थाविषयीची, म्हणजे रुक्षच. परंतु त्या रुक्ष अर्थावर आमच्या जिल्ह्यातील माणसाने रात्रीची गाडी पकडावयाची की सकाळची, हे अवलंबून होते. अधिकाराच्या चर्चेत माणूस कोठे असतो असे कोणी विचारले, तर मी त्यास हे उदाहरण देतो.

काही वर्षांपूर्वी परभणीच्या स्टेशनावर एक वृद्ध शेतकरी माझ्या शेजारी बाकावर बसले होते. मांडीवर फडक्यात बांधलेली कागदांची पुरचुंडी होती. जमिनीच्या वादाचे अपील होते आणि ते खंडपीठातून परत आले होते. निकाल लागला काय, असे मी विचारले. ते म्हणाले, “न्हाई सर, निकाल न्हाई लागला. पर जजसायबानं माझ्या वकिलाला दोनदा इचारलं की, ह्या माणसाचं म्हणनं नेमकं काय हाय ते सांगा. निकाल कसाबी लागू द्या. पर माझं म्हणनं कुनी तरी कानावर घेतलं.” एवढे बोलून त्यांनी पुरचुंडीची गाठ पुन्हा घट्ट केली. त्यांच्या समाधानास मी भोळेपणा म्हणू शकलो नाही. मोरो रघुनाथास जे मिळाले नाही, ते या माणसास मिळाले होते.

तेव्हा विद्यार्थ्यांस विचारीत आलो त्या प्रश्नाचे माझे स्वतःचे उत्तर येणेप्रमाणे आहे. न्यायासनाचे बळ सनदेतून सुरू होते, आरंभीच्या निकालांतून आकार घेते. परंतु टिकते ते लोकांच्या मनातील एका विश्वासावर. तो विश्वास असा की, येथे सर्वांत बलवान मनुष्यासही ‘हे तू कोणत्या आधाराने केलेस?’ असे विचारले जाईल, आणि सर्वांत दुर्बळ मनुष्यासही ‘तुझे म्हणणे काय?’ असे विचारले जाईल. हे दोन प्रश्न विचारण्याची हिंमत जोवर न्यायाधीशांत आहे, तोवर त्यांच्याजवळ फौज नाही याची चिंता करण्याचे कारण नाही. ती हिंमत गेली, तर घटनेच्या सुंदर अक्षरांनीही काम भागत नाही, हे आपण १९७६ मध्ये पाहिले आहे. आणि केवळ न्यायाधीशांकडे बोट दाखवूनही आपली सुटका होत नाही. आपल्या बाजूचा हुकूम तेवढा न्याय, विरुद्ध बाजूचा तो अन्याय, असे म्हणणारा प्रत्येक नागरिक आपापल्या घरात एक लहानसा माल्कम असतो. न्यायासनास रानहत्ती म्हणून बांधावे, किंवा माणसाळवून मिरवणुकीत चालवावे, हे दोन्ही मोह सत्तेस नेहमीच होतात. त्यांना आळा घालणारी शक्ती अखेर हुकूम मानणाऱ्या लोकांतूनच यावयाची आहे.